लिंकांचा पंचनामा

ओपन सोर्स प्रकल्पात, म्हणजे कोड सगळ्यांना खुला ठेवून अनेकांनी मिळून केलेल्या सॉफ्टवेअरच्या कामात, वाटणी होते तेव्हा हुशार मंडळी चांगली चांगली कामं आधीच उचलतात. कुणी वेग वाढवतो, कुणी नवा फॉन्ट जोडतो, कुणी मोबाइलवर चालवून दाखवतो. मग उरतं डॉक्युमेंटेशन, म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते सांगणारी माहितीपानं. त्यातलंही लिहिण्याजोगं कुणीतरी लिहून टाकतं आणि अगदी तळाशी गाळ राहतो तो लिंकांचा. 'वेबसाइटवरच्या जुन्या लिंका अद्ययावत करणे' हे काम ज्या ऑनलाइन बैठकीत माझ्या नावावर चढलं, त्या बैठकीत मी नव्हतोच. लातुरात लाइट गेली होती. गैरहजर माणसाच्या गळ्यात काम मारायची पद्धत जगभर सारखीच आहे.

प्रकल्प तसा छोटा, पण माझ्या पोटापाण्याशी जोडलेला. गंजगोलाईजवळ माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांती, तेरावं, निवडणुकीची पत्रकं, असं बारमाही चालतं. जुन्या फायलींचा ढीग आहे आणि तो सगळा जुन्या फॉन्टांत. त्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवले होते. त्यामुळं तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. शिवाय पहिली वेलांटी तिथं अक्षराच्या आधी टाइप करायची. युनिकोडात, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, ती अक्षरानंतर साठवतात. हा गुंता सोडवून मजकूर युनिकोडात आणून देणारं आमचं हे फुकटातलं सॉफ्टवेअर. ते ज्यांनी लिहिलं त्यांना माझा मनापासून नमस्कार. त्याच्या माहितीपानांवर ज्यांनी लिंका टाकल्या, त्यांना मात्र एकदा गाठायचंय.

लिंका तपासायला एक प्रोग्राम असतो. तो प्रत्येक पत्त्यावर जाऊन येतो आणि तिथं काय उत्तर मिळालं ते लिहून ठेवतो. पहिल्याच दिवशी सगळ्या लिंका मेलेल्या निघाल्या. आमचा कोड जिथं ठेवलाय ते गिटहब गेलं, युनिकोडची साइट गेली. विकिपीडियासुद्धा गेला म्हटल्यावर मी दुकानाबाहेर येऊन पाहिलं. चौकात जेसीबी उभा होता. नालीसाठी खोदता खोदता त्यानं इंटरनेटची केबल उचकटून वर काढली होती आणि ड्रायव्हर शेजारी उभा राहून तंबाखू मळत होता. मी केबलकडं बोट दाखवलं. तो म्हणाला, "वायरच हाय की मालक. माणूस असता तर गोष्ट निराळी."

संध्याकाळी नेट आलं आणि खरा पंचनामा सुरू झाला. अतिवृष्टीनंतर तलाठी जसा बांधाबांधावर उभा राहून 'काय गेलं, किती गेलं' लिहून घेतो, तसा मी एकेका लिंकेपाशी उभा राहिलो. सर्व्हरचं उत्तर आकड्यात येतं. ४०४ म्हणजे सापडत नाही. ४१० म्हणजे होतं, पण काढून टाकलंय, पुन्हा विचारायला येऊ नका. हा आकडा मला फार आवडतो, पण इतकं तोंडावर बोलणारे सर्व्हर थोडे. ३०१ म्हणजे मुक्काम कायमचा हलवलाय, हा घ्या नवा पत्ता. ३०२ म्हणजे तात्पुरता हलवलाय. यातले काही तात्पुरते इतके जुने आहेत, की हलवणारा निवृत्त झाला असेल. ४२९ म्हणजे फार वेळा विचारताय, दमानं घ्या. हा मला रात्री अकरानंतर जास्त मिळायचा, कारण दिवसभर दुकान असायचं आणि मी सगळं विचारणं तेव्हाच उरकायचो.

४०३ची तर निराळीच तऱ्हा. आमची आठवड्याची तपासणी आपोआप होते, पण ती होते परदेशातल्या कुठल्या तरी सर्व्हरवरून. आपल्याकडच्या काही सरकारी साइट परदेशातून आलेल्याला दारातच अडवतात. अहवालात लाल अक्षरांत ४०३, आणि लातुरातून उघडावं तर पान हसतमुखानं समोर. मग प्रकल्पातला म्युनिकचा गडी विचारणार, 'हे मेलेलं अजून का काढलं नाही?' त्याला पटवण्यासाठी मी स्क्रीनशॉट पाठवणार. तो म्हणणार, 'मला तर दिसत नाही.' आम्ही दोघंही खरं बोलत असतो, हे त्यातलं सगळ्यात वैतागवाणं.

एवढ्या लिंका मरतात कशा, असं मला आधी वाटायचं. पण अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ मध्ये मोजून सांगितलं, की २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी सापडत नाहीत. म्हणजे आमचा प्रकल्प काही वेगळा अपशकुनी नाही.

या सगळ्यात गिऱ्हाईक थांबत नाही. औशाकडचे एक काका मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेचं प्रूफ बघायला आले होते. स्क्रीनवर लाल-हिरव्या ओळी बघून विचारते झाले, "काय करू लालाव?"

"लिंका दुरुस्त करतोय, काका."

काकांचा चेहरा उजळला. "मग ती बँकेतली तेवढी बघा की. सकाळधरनं लिंक नाही म्हणू लालेत. विम्याचे पैसे अडकलेत माझे."

ती लिंक वेगळी, ही वेगळी, हे मी बरंच समजावलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं, तुमची चालू झाली की सांगा. तवर बँकवाले बी बसलेलेच असतेत." मग त्यांनी चष्मा लावला आणि निमंत्रकांच्या यादीवरून बोट फिरवत फिरवत एका नावाशी थांबले. "हे काढा. बोलणं नाही आता." नाव गेलं. चहा यायच्या आत.

आमच्याकडं एक लिंक काढायची तर आधी इश्यू उघडायचा, म्हणजे गिटहबवर तक्रार नोंदवायची. मग कुणीतरी विचारणार, काढण्याऐवजी बदलता येईल का? मग चर्चा. मग पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'हा बदल घ्या' असा अर्ज, मग दोघांचा रिव्ह्यू. त्यातला एक सुटीवर. बदल मर्ज होईस्तोवर, म्हणजे मूळ प्रकल्पात जाईस्तोवर, जुनीच्या जागी घातलेली नवी लिंकच हललेली.

आता जरा बारकाव्याचं. काही लिंका मरतात त्या यंत्रालाही कळत नाहीत. पत्त्याच्या शेवटी हॅशचं चिन्ह देऊन पानातल्या नेमक्या मथळ्यावर नेणारी लिंक असते ना, तिचा हॅशनंतरचा भाग सर्व्हरकडं जातच नाही. तो ब्राउझर स्वतःपाशी ठेवतो आणि पान आल्यावर जागा शोधतो. सर्व्हर म्हणतो, पान आहे, २००, सगळं ठीक. वाचणारा पानाच्या टोकाला उभा राहून आपला मथळा शोधत बसतो. आमच्या मराठी पानांचे मथळे मराठीत, त्यामुळं पत्त्यातही मराठी. तसा पत्ता कॉपी करून पाठवला, की देवनागरीच्या एकेका चिन्हाची टक्क्याच्या खुणांसकट नऊ चिन्हं होतात. 'जोडाक्षरे' या मथळ्यात काना-मात्रा-हलन्त धरून नऊ चिन्हं आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याची एक्क्याऐंशी झाली. ही लिंक मी मेव्हण्याला पाठवली, तर त्यानं ती न उघडता घरच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'दाजींचा मोबाइल हॅक झालाय, कुणी काही उघडू नका.' रात्री तीन नातेवाइकांचे फोन. त्यातल्या मामींनी तर माझ्या नावानं पैसे मागणारा मेसेज आला तरी देणार नाही, असं मलाच बजावून सांगितलं.

मदतीला माणसं येतात, नाही असं नाही. ऑक्टोबरात हॅक्टोबरफेस्ट असतो. ओपन सोर्सला हातभार लावा आणि टीशर्ट मिळवा, अशी २०१४ मध्ये सुरू झालेली ती योजना. एका वर्षी परभणीकडचा एक इंजिनिअरिंगचा पोरगा आला. उत्साही. 'सर, सगळ्या लिंका जुन्या एचटीटीपी आहेत, मी सुरक्षित एचटीटीपीएस करून देतो.' मी म्हटलं कर बाबा. त्यानं सगळ्या रेपोत, म्हणजे प्रकल्पाच्या झाडून साऱ्या फायलींत, एका फटक्यात शोधा-आणि-बदला चालवलं. संध्याकाळी साइटवरचा लोगो गायब.

झालं असं, की आमचा लोगो एसव्हीजी या प्रकारच्या फायलीत आहे, आणि अशा चित्राच्या सुरुवातीला वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेचा, एचटीटीपीनं सुरू होणारा एक पत्ता असतो. दिसतो लिंकेसारखा, पण तिथं कुणी जायचं नसतं. ती नुसती ओळख आहे, 'हे चित्र एसव्हीजी आहे' असं ब्राउझरला कळण्यापुरती, आणि ती अक्षर न् अक्षर तशीच लागते. त्यात एक 'एस' वाढला आणि ब्राउझरनं आमच्या लोगोला ओळखच दाखवली नाही. पोराला हे सांगितलं तेव्हा तो खजील झाला, पण मला त्याचा राग आला नाही. लिंक नसलेली ही एकच गोष्ट त्या सगळ्या रेपोत धडधाकट होती, तिला लिंकेसारखं दिसायची काय गरज होती?

मग आलं धाराशिव. आमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये एक नमुना पान आहे. जिल्ह्याचे आठ तालुके आधी जुन्या फॉन्टात, मग युनिकोडात. तुळजापूर घेतलं कारण 'ळ' तपासता येतो. पानाच्या पत्त्यात नाव होतं उस्मानाबाद. शेजारचं दुसरं पान औरंगाबादचं. २०२३ मध्ये दोन्ही जिल्ह्यांची नावं बदलली आणि कुणीतरी तत्परतेनं दोन्ही पानांचे पत्ते बदलले. बाहेरून, शाळांच्या पानांवरून, कुणाच्या जुन्या ईमेलातून या पानांवर येणाऱ्या सगळ्या वाटा त्या दिवशी बंद झाल्या.

सर्व्हरला '३०१ दे' म्हणावं तर साइट गिटहब पेजेसवर, म्हणजे गिटहबनंच साइट ठेवायला दिलेल्या जागेवर, आणि तिथं ती सोय नाही. जुन्या पत्त्यावर एक रिकामं पान ठेवायचं आणि त्यात ब्राउझरला सांगायचं, 'पुढं जा'. हे दहा ओळींचं काम. पण इश्यूवर चर्चा पेटली. एक जण म्हणे, रिकाम्या पानाच्या पत्त्यातसुद्धा जुनं नाव नको. दुसरा म्हणे, जुनंच राहू द्या, सॉफ्टवेअरला काय फरक पडतो. छत्रपती संभाजीनगर हे नाव पत्त्यात मध्ये हायफन देऊन लिहायचं की सलग, यावर दोघं वेगळेच भांडले. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'ऱ्य' चुकतो, ही तक्रार कितीतरी दिवस एकही प्रतिसाद न मिळता पडून होती. इथं स्क्रोल करून अंगठा दुखायला लागला.

या भानगडीवर वेबचे जनक टिम बर्नर्स-ली १९९८ मध्येच लिहून बसलेत. पत्त्यात विषय घालू नका, लेखकाचं नाव घालू नका, फाइलच्या प्रकाराची शेपटी घालू नका. हे सगळं बदलतं आणि पत्ता बदलायचा नसतो. त्यांचं ते पान आजही त्याच पत्त्यावर आहे. आणि आम्ही पत्त्यात घातलं होतं जिल्ह्याचं नाव, तेही मराठवाड्यात! लातूर जिल्हाच मुळात १९८२ मध्ये उस्मानाबादेतून निघालेला. शेवटी पानांची नावं 'नमुना-१' आणि 'नमुना-२' ठेवली, जुने-नवे सगळे पत्ते तिकडं वळवले आणि इश्यूला कुलूप लावलं. उलट युनिकोडच्या देवनागरी तक्त्याची पीडीएफ बघा. अक्षरांचा क्रमांक सुरू होतो त्यावरूनच तिचं नाव, 'यू ०९००'. कोणतं सरकार येवो, क्रमांक बदलत नाही. आमच्या सगळ्या यादीत मला कधीच त्रास न देणारी ती लिंक. तिला मी अधूनमधून उगाच उघडून बघतो.

पण खरा घाम फोडला तो हिरव्या लिंकेनं. निलंग्याकडच्या एका शाळेतल्या गुरुजींचा फोन आला. आवाज दबलेला. "तुमच्या पानावर 'जुने फॉन्ट इथून उतरवा' लिहिलंय ना, ते जरा तुम्ही स्वतः दाबून बघता का?"

दाबलं. रमी. नोटांची बंडलं, फिरणारे पत्ते, पहिल्या डावावर बोनस. फॉन्टवाल्यानं कधीतरी डोमेनचं नूतनीकरण केलं नसणार आणि कुणी तरी ते उचललं. गुरुजींनी ते प्रोजेक्टरवर उघडलं होतं, सातवीच्या वर्गापुढं. मागच्या बाकावरचा एक पोरगा आनंदानं ओरडला होता, "सर, आमचे चुलते बी हेच खेळतेत!" चुलते म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य निघाले, त्यामुळं गुरुजींना ना रागवता येईना, ना हसता.

आमच्या यंत्राच्या अहवालात ही लिंक दर आठवड्याला हिरवीगार. २००, सगळं ठीक. तेव्हापासून ४०४ दिसला की मला जीव भांड्यात पडल्यासारखं होतं. निदान तो खरं तरी बोलतो. आता मी हिरव्या लिंकाही हातानं उघडून बघतो आणि दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असेल तर आधी स्क्रीन आपल्याकडं वळवून घेतो.

फॉन्टाचं मूळ पान इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये सापडलं. २००१ पासून ही मंडळी जगाच्या मेलेल्या पानांच्या प्रती लोकांना दाखवतात. फॉन्टवाल्याचं पान जुन्या तारखेला जसंच्या तसं होतं, 'नवीन' असं लुकलुकणारं चित्र, खाली भेट देणाऱ्यांचा आकडा. पुढच्या तारखेला 'काम चालू आहे', त्याच्या पुढं 'हे नाव विकणे आहे', आणि मग एकदम बोनस. मी जुन्या प्रतीची लिंक घातली. म्युनिकच्या गड्यानं लगेच विचारलं, 'आणि आर्काइव्हच बंद पडलं तर?' २०२४ च्या ऑक्टोबरात हल्ला होऊन ते काही दिवस बंद होतंच, त्यामुळं मला उत्तर देता आलं नाही. मी फक्त फॉन्टाची एक प्रत दुकानातल्या पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवली.

गेल्या आठवड्यात यादी पहिल्यांदाच जवळजवळ स्वच्छ झाली. त्याच रात्री प्रकल्पात नवा प्रस्ताव आला: 'पुढच्या आवृत्तीसाठी डॉक्युमेंटेशन नव्यानं मांडू या, सगळे पत्ते सुटसुटीत करू या.' सकाळपर्यंत त्यावर अंगठेच अंगठे. मी खाली विचारलं, जुन्या पत्त्यांचं काय? ताबडतोब उत्तर आलं, "ते तुम्ही बघताच ना!" पुढं हसरा चेहरा.