पोस्टरला वाचनालयात टेबल द्या

पुण्यात आंदोलनाचं पोस्टर तयार होतं कुठे? होस्टेलच्या फरशीवर, नाहीतर थेट फुटपाथवर. ते वाचनालयात तयार व्हावं, असं माझं स्पष्ट मत आहे. कपाळाला आठ्या पडल्या असतील तर पडू देत.

२०२४ चा ऑगस्ट आठवा. २५ तारखेला लोकसेवा आयोगाची (एमपीएससी) राज्यसेवा पूर्व परीक्षा आणि त्याच दिवशी आयबीपीएस, म्हणजे बँकभरतीची परीक्षा. वर कृषी सेवेच्या २५८ जागा याच परीक्षेत घ्या, ही मागणी. पोरं शास्त्री रस्त्यावर ठाण मांडून बसली, २२ तारखेला आयोगाने परीक्षा पुढे ढकलली. नवी पेठ, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये दिवसदिवस वाचणारी ही पोरं. एरवी आकडे, कलमं तोंडपाठ. पण कुठल्याही मोर्चात बघा, बहुतेक पोस्टर 'न्याय द्या'वर येऊन थांबतात. कुठला न्याय, कोणी द्यायचा, कधीपर्यंत? ते लिहायचं तर मूळ जाहिरात, राजपत्र, जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली हाताशी लागतात. व्हॉट्सॅपवर आलेला आकडा तसाच रंगवला की समोरचा नेमका तोच पकडतो आणि अख्खी मागणी हसण्यावारी नेतो.

आणि टेबल हवंच. मराठी अक्षर मोठं काढून बघा एकदा. शिरोरेखा पट्टीने आधी आखली नाही तर ओळ घसरते. वर रफार-वेलांटी, खाली उकार, त्यांना जागा सोडलेली नसते. 'स्पर्धा' ऐसपैस येतं आणि 'परीक्षा'तला 'क्षा' कार्डशीटच्या कडेला चेंगरतो. पोस्टर कलर वाळायला सपाट जागा लागते. पुण्याच्या पावसात तो ओघळणार हे वेगळंच. त्यावर प्लास्टिक चढवा.

शांतता भंगेल म्हणता? बालदिनाची चित्रकला स्पर्धा घेताना नाही भंगत ती! खरी भीती वेगळी आहे, आणि ती मला खोटी वाटत नाही. मान्यताप्राप्त वाचनालयं सरकारी अनुदानावर चालतात, उद्या कोणी बोट दाखवलं तर? मग नियम साधा ठेवा: टेबल कुठल्याही बाजूच्या विद्यार्थ्याला, मजकूर ज्याचा त्याचा. पुणे नगर वाचन मंदिराची परंपरा १८४८ पासूनची. एवढ्या जुन्या वाचनसंस्कृतीच्या गावाला एक टेबल जड होऊ नये.

दुसरी मागणी त्याहून स्वस्त. पोस्टर जपा. १९५४ च्या कायद्याने छापलेल्या पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांत जमा करावी लागते. हाताने रंगवलेल्या पोस्टरला कोण विचारतो? मोर्चा संपला की रद्दीत. १९६८ मध्ये पॅरिसच्या कलाशाळेत विद्यार्थ्यांनी बिननावाची पोस्टर छापली, ती आज मोठमोठ्या संग्रहांत आहेत. आपल्याकडे नकाशे ठेवायचा एखादा सपाट खण रिकामा करा. मागच्या बाजूला पेन्सिलने तारीख, ठिकाण आणि मागणी लिहा, दोन पोस्टरांच्या मध्ये साधा कागद घाला, आणि घडी तेवढी घालू नका.