गप्पीला रोज वाळवलेले किडे? जरा थांबा

मासे पाळणाऱ्यांमध्ये एक मेसेज सध्या जोरात फिरतोय: ‘गप्पी हा डासांच्या अळ्या खाणारा मासा. फ्लेक्स म्हणजे नुसतं पीठ. त्याला रोज वाळवलेले ट्युबिफेक्स नाहीतर ब्लडवर्म घाला. लाल खाण्याने रंग खुलतो, वाळवल्यामुळे जंतू मरतात आणि मोठा डबा घेतला की वर्षभर बघायला नको.’ (फ्लेक्स म्हणजे माशांच्या तयार खाण्याचे पातळ पापुद्रे, ट्युबिफेक्स म्हणजे गाळातले बारीक लाल किडे, ब्लडवर्म म्हणजे चिलटासारख्या कीटकाच्या लाल अळ्या.)

गप्पी अळ्या खातो, हे खरंच. महापालिकेची माणसं विहिरींत गप्पी सोडतात ती त्याचसाठी. पण त्याचं मूळ घर असलेल्या त्रिनिदादच्या ओढ्यांत तो शेवाळ आणि तळातला गाळही भरपूर खातो. तुमच्या टँकच्या काचेवरचं हिरवं तो उगाच टोचत बसत नाही. त्याला जठर असं नसतंच, खाल्लेलं थेट आतड्यात जातं. म्हणून थोडं थोडं, दिवसातून दोनतीनदा, आणि त्यात स्पिरुलिना शेवाळासारखं काही हिरवं हवंच. किडे आठवड्यातून एकदोनदा पुरेत.

रंगाचं तर साफ चुकलंय. ट्युबिफेक्स आणि ब्लडवर्म लाल दिसतात ते रक्तातल्या हिमोग्लोबिनसारख्या द्रव्यामुळे, आणि त्याने माशाला रंग चढत नाही. नराच्या अंगावरच्या नारिंगी ठिपक्यांना लागतात कॅरोटिनॉइड्स, म्हणजे गाजरात असतात तशी रंगद्रव्यं. ती मासा स्वतः बनवू शकत नाही. ओढ्यात ती मुख्यतः शेवाळातून मिळतात, डब्यात स्पिरुलिना किंवा क्रिलमधून (क्रिल म्हणजे कोळंबीसारखे बारीक समुद्री जीव). निळा-काळा रंग मात्र आनुवंशिक, त्यासाठी डबा बदलून उपयोग नाही.

वाळवल्याने जंतू मरतात? प्रयोगशाळेत जिवाणू वर्षानुवर्षं टिकवायचे असतात तेव्हा ते फ्रीझ-ड्रायच करतात, म्हणजे गोठवून वाळवतात! ट्युबिफेक्स वाढतो सांडपाण्याच्या गाळात, तेव्हा माल कुठून आला ते बघाच. सुट्या पिशवीतले उन्हात वाळवलेले किडे मी तरी घेत नाही. आणखी एक: वाळक्या ब्लडवर्मची धूळ नाकात गेली की काहींना सटासट शिंका येतात, डोळे खाजतात, दम्याचा त्रासही होतो. डबा उघडताना तोंड लांब ठेवा.

‘फ्लेक्स म्हणजे पीठ’ हे स्वस्तातल्या पाकिटांबद्दल मान्य. घटकांची यादी वाचा: सुरुवातीला फिश मील (माशांची भुकटी), क्रिल असेल तर ठीक, गव्हाचं पीठ पहिलं असेल तर पाकीट परत ठेवा.

राहिला मोठा डबा. उघडल्यावर हवा लागली की क जीवनसत्त्व उडतं, तेल खवट होतं. त्यात आपला पावसाळा. फ्लेक्स चिमटीत कुरकुरीत मोडण्याऐवजी लिबलिबीत लागले, वास तेलकट-आंबूस आला, की टाकून द्या. दोनतीन महिन्यांत संपेल एवढंच पाकीट घ्या. पिल्लांसाठी वेगळा डबा लागत नाही, तेच फ्लेक्स बोटांत चोळून बारीक भुकटी केली की त्यांच्या तोंडात मावतात.