कीवर्थची गोष्ट राहून गेली

अमेरिकेतल्या डेट्रॉइट सिटी एफसी या फुटबॉल क्लबवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यांचं घरचं मैदान, कीवर्थ स्टेडियम, एका ओळीत उरकलंत याची चुटपुट लागली. २०१२ मध्ये सुरू झालेला हा अर्धव्यावसायिक क्लब आधी कॅस टेक शाळेच्या मैदानावर खेळायचा. गर्दी मावेना, तेव्हा डेट्रॉइटला लागूनच असलेल्या हॅमट्रॅमक शहरातलं १९३६ सालचं, मोडकळीला आलेलं कीवर्थ निवडलं. दुरुस्तीसाठी ५०० हून जास्त लोकांनी मिळून ७ लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. देणगी नव्हे हं, परतफेडीच्या बोलीवर! २०१६ पासून तिथे मरून-सोनेरी धूर, ढोल आणि सामनाभर उभं राहून गाणारी माणसं. २०२२ मध्ये याच मैदानावर त्यांनी एमएलएस या अमेरिकेतल्या सर्वोच्च फुटबॉल लीगमधल्या कोलंबस क्रू संघाला २-१ हरवलं. तोवर क्लब पूर्ण व्यावसायिक झाला होता, तरी मला तो विजय त्या पैसे घालणाऱ्यांचाच वाटतो.