बोलेरो मांडवात येईपर्यंत

मोठे मामा लग्नाच्या पंगतीत अचानक कोसळून गेले, त्याला आता पाच महिने होतील आणि आमच्या घरच्या ग्रुपवर अजून तोच वाद चालूय. लहान मामांचं म्हणणं, सरळ लातूरला न्यायचं सोडून आधी तालुक्याला थांबलो तिथंच घोळ झाला. मावसभाऊ म्हणतो 108 ची वाट बघितली असती तर गाडीतच डॉक्टर मिळाला असता. एक जण दर चार दिवसाला कोरोनाच्या लसीचे व्हिडिओ टाकतो, खरं तर आयसीएमआरनं, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, 18 ते 45 वयाच्या लोकांचा अभ्यास करून 2023 मध्येच सांगितलंय की लसीमुळं असे अचानक मृत्यू वाढल्याचं दिसत नाही, आणि मामा तर अठ्ठावन्नचे होते. चुलते म्हणतात मराठवाड्याला कुणी वालीच नाही, जवळ मोठं हॉस्पिटल असतं तर माणूस वाचला असता. मी अकरा वर्षं झाली इथं डेन्मार्कला, आरहूसमध्ये राहते, लांब बसून बोलणं बरं दिसत नाही म्हणून इतके दिवस गप्प राहिले.

पण माझ्याकडं लग्नातली ती क्लिप आहे. औसा तालुक्यातलं आमचं गाव, अक्षता पडल्यात, पंगती बसल्यात आणि मामा बुंदी वाढायलेत. वाढता वाढता गुडघ्यातून वाकले आणि आडवेच झाले, बादली सतरंजीवर घरंगळत गेली. सगळे धावले. कुणी तळपाय चोळायलंय, कुणी उपरण्यानं वारा घालायलंय, एकानं पायातली चप्पल काढून नाकाला लावली, एकजण बाटलीनं तोंडात पाणी घालायला बघतोय. मामांचं तोंड उघडतं, घशातून घर्र असा आवाज येतो, मग बराच वेळ काहीच नाही, मग परत एकदा घर्र. आणि मागून कुणीतरी मोठ्यानं सांगतंय, "श्वास चालू हाय, श्वास चालू हाय, गाडी काढा."

माझी मुलगी शेजारी बसून बघत होती, सातवीत आहे ती. म्हणाली, "आई, छातीवर कुणीच का दाबत नाहीये?"

तिला ते शाळेत शिकवलंय. सरावाच्या पुतळ्यावर करून आली होती आणि मग आठवडाभर घरी सोफ्यावरच्या उशीवर दोन्ही हात ठेवून मोजत बसायची. मला त्यावेळी कौतुक वाटलं होतं, एवढंच.

त्या घर्र आवाजाला आपल्याकडं शब्द आहे, ऊर्ध्व लागणं. ऊर्ध्व लागला की आपण गंगाजल शोधतो, तुळशीपान शोधतो, मुलाला हाक मारतो. महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाची गोष्ट वेगळी, तिथं ते बरोबरच आहे. पण चालता बोलता पडलेल्या माणसाला, हलवून हाक मारून ओ देत नाही अशा माणसाला ऊर्ध्व लागला, तर तो श्वास नसतो, हृदय थांबल्याची ती खूण असते, आणि इथं पोरांना हेच शिकवतात की असा आवाज आला की फोन करायचा आणि दाबायला सुरुवात करायची. एकच खूण आहे, इकडं ती सुरुवात करायची मानतात आणि आपण शेवट झाला असं मानतो. मला हे कळल्यापासून झोप लागत नाही नीट.

अटॅक आणि कार्डियाक अरेस्ट यातला फरक मी ग्रुपवर शेतातल्या भाषेत सांगितला तेव्हा कुठं लोकांनी ऐकलं. अटॅक म्हणजे पाइपलाइन चोक झाली, मोटर चालूय, दवाखाना गाठायला थोडा वेळ असतो. अरेस्ट म्हणजे मोटरच गेली, बऱ्याचदा ती नुसती थरथरते आणि पाणी उचलत नाही. ती थरथर थांबवून परत चालू करायला शॉकचं मशीन लागतं, आणि मशीन येईपर्यंत हातपंप मारावा तसं छाती दाबून मेंदूला रक्त पोचवत राहायचं. छातीच्या मधोमध तळहात, दुसरा हात त्यावर, कोपर ताठ, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा, थांबायचं नाही, दमलं की दुसऱ्यानं धरायचं. काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचायची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते आणि चारसहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. आमच्या मामांना बोलेरो मांडवाच्या तोंडाशी यायलाच अकरा मिनिटं लागली. तालुका की लातूर, सरकारी की खाजगी, हा सगळा वाद त्या अकरा मिनिटांनंतरचा आहे, आणि तोवर मांडवात शंभर माणसं उभी होती.

डेन्मार्क म्हणलं की लोक म्हणतात, त्यांचं काय, पैसेवाला देश. पैसा आहेच. पण 2001 मध्ये इथंही असं कुणी कोसळलं तर पाचातल्या एकालाच आजूबाजूच्यांकडून सीपीआर, म्हणजे हे छाती दाबणं, मिळत होता. 2005 ला शाळेत शिकवणं कायद्यात आलं, पुढच्या वर्षी ड्रायव्हिंग लायसन्ससाठी प्रथमोपचाराचा कोर्स सक्तीचा झाला, घरी सराव करायची किट वाटली, आणि 2010 पर्यंत ते प्रमाण 21 वरून जवळपास 45 टक्क्यांवर गेलं. महिनाभरानंतर जिवंत असणारे साडेतीन टक्क्यांवरून साडेदहाच्या वर गेले. म्हणजे इथंही शंभरातले बहुतेक जातातच, कायदा झाला म्हणून सगळ्या शाळांनी लगेच शिकवलं असंही नाही, आणि सुधारणेत अँब्युलन्सचा, दवाखान्यांचाही वाटा आहे. पण तिप्पट माणसं घरी परतली. 2021 च्या जूनमध्ये इथला फुटबॉलपटू एरिक्सन भर मैदानात कोसळला, सीपीआर आणि एका शॉकवर परत आला आणि पुढं परत फुटबॉल खेळला, त्यानंतर तर इथं कुणाला याचं महत्त्व पटवून सांगावं लागत नाही.

इथं 112 ला फोन केला की पलीकडचा माणूस फोन ठेवतच नाही, स्पीकरवर टाका म्हणतो आणि गाडी येईपर्यंत मोजत राहतो, शिवाय जवळपासच्या स्वयंसेवकांच्या मोबाइलवर घंटा वाजते, एकानं पेशंटकडं पळायचं, दुसऱ्यानं भिंतीवरचं शॉकचं मशीन काढून आणायचं. आमच्या समोरच्या रिटायर्ड बाई आहेत त्यात, रात्रीचे बूट दारातच काढून ठेवतात. आपल्या 108 मध्ये 2014 पासून डॉक्टर आहे, इथल्या साध्या अँब्युलन्समध्ये डॉक्टर नसतो, तेव्हा आपल्याकडं काहीच नाही असं कुणी म्हणू नये. फक्त तो डॉक्टर वीस किलोमीटरवरून यायचाय आणि "मारुतीच्या पारापासून डावीकडं" हे पुण्याच्या कॉल सेंटरला समजायचंय. गाड्या वाढवा, जरूर वाढवा, मराठवाड्याचा तो हक्कच आहे आणि चुलत्यांशी माझं त्यात भांडण नाही. पण फोनवरच्या माणसानं मराठीत, आपल्या मराठीत, दाबा म्हणून सांगत राहणं, याला गाड्यांपेक्षा पुष्कळ कमी पैसा लागतो.

आणि शिकवायला नवीन काही उभारावं लागत नाही. पोलीस भरतीच्या अकॅडम्या, लातूरचे क्लास, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, मोंढ्यातले हमाल, आशाताई, सगळी माणसं एका जागी सापडतात. तोंडाला तोंड लावून श्वास द्यायची किळस असेल तर नका देऊ, आपल्याकडच्या भूलतज्ज्ञांनी सामान्य माणसासाठी नुसतं छाती दाबायची सोपी पद्धतच बसवलीय. मशीन लाखाच्या घरातलं, ते आधी तुळजापूर, परळी, औंढा अशा गर्दीच्या जागी लावा, गावाला आधी हात शिकू द्या. लोक भितात की बरगडी मोडेल. मोडते कधीकधी, पण बरगडी जुळते. पोलीस केसची भीती आहे, 2019 च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनं अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, तसंच स्पष्ट संरक्षण असं कोसळलेल्याला मदत करणाऱ्यालाही पाहिजे. आणि बायकांचं बोलायलाच पाहिजे, मामांच्या जागी मामी पडल्या असत्या तर मांडवातल्या कुठल्या पुरुषानं छातीवर हात ठेवला असता? पदर सारखा करण्यातच वेळ गेला असता. म्हणून बचतगटातल्या बायकांना आधी शिकवा, त्या घरोघर शिकवतील.

सप्ताहाच्या कमिटीच्या अध्यक्षांना मी मागच्या रविवारी फोन केला. म्हणलं, दादा, टाळकऱ्यांना लय शिकवावी लागत नाही, सेकंदाला जवळपास दोन टाळ धरा, तेवढ्याच वेगानं दाबायचंय. डिसेंबरात येताना दोन पुतळे घेऊन येते, लातूरहून भूलतज्ज्ञ मॅडम यायला तयार आहेत, मला फक्त अर्धा तास द्या. ते जरा वेळ बोलले नाहीत, पंगतीत त्यांचं पान मामांच्या समोरच होतं. मग म्हणाले, काल्याच्या दिवशी घेऊ, कीर्तनाच्या आधी, त्या दिवशी लेकीबाळी पण आलेल्या असतात.