क्लोज-अप भिंगं म्हणजे पैसे पाण्यात?

पावसाळा सरत आला, कासच्या फुलांचे फोटो दिसू लागले की एक मेसेज हमखास फिरतो: लेन्सपुढे लावायची स्वस्त क्लोज-अप भिंगं घेऊ नका. फोटो धुरकट येतो, उजेड कमी होतो, फुलाला नाक टेकवावं लागतं, अर्धं फूल फोकसबाहेर जातं. मॅक्रो लेन्स (छोट्या वस्तू जवळून टिपण्यासाठीच बनवलेली) घ्या, नाहीतर नाद सोडा.

धुरकटपणाचं अर्धं खरं आहे. एकाच काचेचं भिंग कडांना मऊ पडतं. मोगऱ्याची पांढरी पाकळी गर्द पानावर आली की तिच्या कडेला जांभळी रेघ उमटते. पण अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) f/8 किंवा f/11 ला नेलं, म्हणजे बारीक केलं, की बरंच सावरतं आणि फूल मध्यभागी असेल तर कोपरे बघतंय कोण? दोन-तीन काचा जोडून केलेलं भिंग घेतलं, रेनॉक्सचं डीसीआर-250 किंवा कॅननचं 500डी, तर ही तक्रार बव्हंशी मिटते. महाग पडतं, पण मॅक्रो लेन्सपेक्षा कितीतरी स्वस्त.

उजेडाचा मुद्दा मात्र चक्क चुकीचा. भिंगाने उजेड घटत नाही. घटतो तो एक्स्टेन्शन ट्यूबने (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसवायची पोकळ नळी), आणि मॅक्रो लेन्सही 1:1 ला, म्हणजे वस्तू सेन्सरवर मूळ आकारात उमटेपर्यंत, जवळपास दोन स्टॉप उजेड घालवतेच, म्हणजे तो चौथाईवर येतो.

आता नाक टेकवण्याचं. खरी गोम इथे आहे. लोक +4 चं (आकडा भिंगाच्या ताकदीचा) भिंग कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या 18-55 मिमीच्या किट लेन्सवर लावतात, फूल एवढंसंच दिसतं, मग पुढे सरकत जातात. तेच भिंग 55-250 च्या झूम लेन्सवर चढवा. कॅननच्या या दोन्ही लेन्सचा फिल्टर (पुढचा आट्यांचा व्यास) 58 मिमीचाच असतो, म्हणून भिंग दोन्हीवर बसतं. झूम 250 ला, फोकस अनंतावर. फूल भिंगापासून 25 सेंमीवर राहतं आणि सेन्सरवर जवळपास मूळ आकारात उमटतं. 100 मिमीची मॅक्रो लेन्स 1:1 ला फुलापासून साधारण 15 सेंमीवर असते. म्हणजे नाक कोणाचं जास्त जवळ? सेंटिमीटरभराची सीतेची आसवं कासला वाटेवरून पाय न काढता टिपायची असतील, तर हे जादाचे दहा सेंटिमीटर कामी येतात. (जास्वंदाला यातलं काहीच नको, ती साध्या लेन्सवरही फ्रेम भरते.)

फोकसची खोली, म्हणजे किती जाडीचा भाग स्पष्ट येतो ती? तेवढ्याच मोठेपणाला आणि सेन्सरपर्यंत तेवढाच उजेड पोचू देणाऱ्या अ‍ॅपर्चरला ती कुठल्याही लेन्सवर जवळपास तेवढीच. 1:1 ला f/11 वर जेमतेम मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी. मॅक्रो लेन्सवाल्यांनाही पाकळीचा पृष्ठभाग सेन्सरला समांतर धरावाच लागतो, वारा थांबायची वाट बघावीच लागते.

एवढं मात्र करा: चार भिंगांच्या संचातलं +10 डबीतच ठेवा, चारही एकावर एक चढवू नका. आणि विजेचे संपर्क नसलेली ट्यूब घेऊ नका. आजच्या बहुतेक लेन्सवर तिने अ‍ॅपर्चरच बदलता येत नाही.