377 गेलं पण बायोडाटा फिरायचा थांबला नाही

एका लेखात वाचलं की 2018 ला सुप्रीम कोर्टानं 377 कलमातले समलैंगिक संबंध गुन्ह्यातून काढले अन् तवापासून लोकांची नजर बदलायली. पुण्या-मुंबईचं असंल बी, आमच्या नांदेड-परभणीकडं पोरगं नोकरीला लागलं की लग्नाचा बायोडाटा मामाच्या व्हाट्सॲपवर फिरायला लागतो, तिथं कोर्टाला कोण विचारतंय. आमच्या पावण्यातल्या एका पोरानं आईला आपण समलैंगिक हाव म्हणून सरळ सांगितलं तर आधी अंगारा, मंग तुळजापूरचा नवस, मंग एक डॉक्टर, त्यानं गोळ्या लिहून दिल्या अन् वर म्हणला लग्न लावून टाका, होतंय नीट. अहो 2022 ला नॅशनल मेडिकल कमिशननंच असले 'बरं करायचे' उपचार म्हणजे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलंय! अन् जिच्या गळ्यात हे बांधायलेत त्या पोरीचा विचार तर कुणीच करीना.

धर्मात बसत नाही म्हणणाऱ्यांना एकच सांगतो, 377 कलम इंग्रजांनी 1860 च्या पीनल कोडात घातलं, आपल्या संतांनी नाही. आता तर पोप फ्रान्सिस बी 2023 ला अशा जोडप्यांना आशीर्वाद द्यायला हो म्हणले (लग्नाला नाही, ते वेगळं). लग्नाला आपल्या कोर्टानं पण त्याच वर्षी नाहीच म्हणलं, संसदेवर ढकललं. 2024 ला अर्थ मंत्रालयानं जॉइंट खातं काढता येतं, जोडीदाराला नॉमिनी लावता येतं एवढं स्पष्ट केलं, पण दोघांनी तालुक्याच्या ब्रँचमधी जाऊन तसा फॉर्म मागून तर बघावा, सगळी लाईन वळून बघंल.