सात दिवसांचं दूध कोणाच्या खात्यावर?

दही लागलं नाही की आम्हा बडोदेकरांचा राग थंडीवर, नाहीतर दूधवाल्याने घातलेल्या पाण्यावर. म्हशीला टोचलेल्या अँटिबायोटिकवर संशय कुणी घेत नाही. ते दुधात उतरलं तर विरजणाचे जंतू वाढतच नाहीत, आणि दूध उकळल्याने बहुतेक अँटिबायोटिकं पुरती नाहीशी होत नाहीत.

खरी धास्ती दह्याची नाहीच म्हणा. उठसूट दिलेल्या औषधाने साधे जंतू मरतात, त्याला पुरून उरणारे फोफावतात आणि शेणातून, सांडपाण्यातून, हातांवरून आपल्यापर्यंत येतात. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटी काढायचं औषध आपण कोंबड्यांच्या खाद्यात घालत होतो! 2019 मध्ये त्यावर बंदी आली, बरं झालं.

पण तबेल्यात बंदीने भागत नाही. आजारी म्हशीला औषध लागणारच. शेवटच्या डोसनंतर दूध किती दिवस वापरायचं नाही हे लेबलवर छापायचा नियम 2012 पासून आहे. ठरलेली मुदत नसेल तर किमान 7 दिवस. ओळखीच्या तबेलेवाल्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “बेन, सात दहाडानुं दूध गटरमां रेडी दउं?” म्हणजे, सात दिवसांचं दूध गटारात ओतून देऊ?

त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. तोटा एकट्या त्याने सोसायचा असेल तर ते दूध कॅनमध्ये जाणारच. माझं मत स्पष्ट आहे: दूध मंडळीने, म्हणजे दूध घेणाऱ्या सहकारी संस्थेने, त्या दिवसांचे पैसे द्यावेत, आणि त्यासाठी लिटरमागे थोडा भाव वाढला तर आपण कुरकुर करू नये.

औषधाची वेळच कमी यावी हे त्याहून बरं. धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं असतं. तेवढ्यात म्हैस शेणात बसली की कासदाहाला, म्हणजे कास सुजण्याच्या आजाराला, आमंत्रण. म्हणून धारेनंतर लगेच पुढ्यात वैरण टाकायची, म्हणजे ती उभी राहते. शेजारच्या आणंदचं राष्ट्रीय डेअरी विकास मंडळ तर कासदाहावर कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप सुचवतं. नाक मुरडू नका. अर्थात लेप लावला म्हणून डॉक्टरला टाळूही नका.

आणि आपण फ्लॅटवाले? सोसायटीच्या ग्रुपवर “टॉमी खाजवतोय, कुठली गोळी देऊ?” विचारलं की तासाभरात चार अँटिबायोटिकांची नावं हजर. अहो, खाज गोचिडांची असेल, पिसवांची असेल, अ‍ॅलर्जीची असेल! यातलं काहीही अँटिबायोटिकने जात नाही. हीच मंडळी पोल्ट्रीवाल्यांना शिव्या घालणारे मेसेज फॉरवर्ड करतात, आणि टॉमी झोपतो यांच्याच गादीवर.

कुणाच्या गावच्या मंडळीत आजारी जनावराच्या दुधाची भरपाई मिळत असेल तर कॉमेंटमध्ये लिहा. तबेलेवाल्याला दाखवायचं आहे.